कोट ते ओव्हल: मुंबईच्या इमारतींचे फोटो चालत काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी कोटात, म्हणजे मुंबईच्या फोर्टात, कॅमेरा घेऊन फिरायला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी एकटाच जायचो. मग ऑफिसातले दोघे आले, त्यांचे शेजारी आले, आता दर फेरीला नवी माणसं असतात आणि प्रश्न मात्र तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे. ज्यांचा फोटोग्राफी हा व्यवसाय नाही, पण ज्यांना इमारती बघून पाय थबकवावेसे वाटतात, त्यांच्यासाठी.

माझ्याकडे फक्त फोन आहे. चालेल का?

चालेल. आमच्या फेऱ्यांमधले काही उत्तम फोटो फोनवरचे आहेत. फक्त एक करा: सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड सुरू करा. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसल्या की खांब तिरका आला आहे हे लगेच कळतं. दुसरं म्हणजे, सगळं एका फोटोत मावावं म्हणून लगेच ०.५ वर, म्हणजे फोनच्या सर्वांत रुंद लेन्सवर, जाऊ नका. त्या लेन्समध्ये कडेचे मनोरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. चार पावलं मागे जाता येत असेल तर मागे जा.

फेरी कुठून सुरू करायची? सकाळी की संध्याकाळी?

याचं उत्तर थोडं लांबवतो, कारण मला सांगायचं ते बहुतेक सगळं यातच आहे.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा. पूर्वेला तोंड केलंत तर समोर एकोणिसाव्या शतकातली, टोकदार कमानी आणि मनोऱ्यांच्या गॉथिक शैलीची रांग: जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत. पाठ फिरवा. पश्चिमेला १९३०च्या दशकातली आर्ट डेको रांग, टोकाला चर्चगेट स्टेशनसमोर इरॉस चित्रपटगृह. दोन्ही रांगा मिळून, मरीन ड्राइव्ह आणि आसपासच्या इमारतींसह, २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. एकूण ९४ इमारती.

आता हे असं का झालं ते पाहा. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. भिंतींबाहेरच्या मोकळ्या पटांगणाच्या कडेला सरकारी इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडं केली पश्चिमेला, समुद्राकडे. पुढची पन्नास-साठ वर्षं त्यांच्यासमोर मैदान, रेल्वेचा रूळ आणि खाडीचं पाणी एवढंच होतं. मग त्या खाडीत, म्हणजे बॅकबेमध्ये, भर घालून नवी जमीन तयार झाली आणि तिच्यावर सिमेंट-काँक्रीटच्या, गोल सज्जांच्या, पेस्टल रंगांच्या इमारती आल्या. त्यातल्या ओव्हलकडच्या रांगेने तोंड केलं पूर्वेला.

म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने हिशोब सरळ आहे. सकाळचं कोवळं ऊन डेको रांगेच्या तोंडावर पडतं, संध्याकाळचं तिरपं ऊन गॉथिक रांगेच्या. एकाच जागी उभं राहून फक्त वळायचं आहे, पण दोन वेगळ्या वेळी. सकाळी साडेदहाला राजाबाईचा फोटो काढाल तर पांढऱ्या आभाळासमोर काळी आकृती मिळेल. मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि कॅमेऱ्याला दोष देत राहिलो.

त्यामुळे सकाळची फेरी चर्चगेटहून सुरू करा: इरॉस, ओव्हलची डेको रांग, मग आत हॉर्निमन सर्कलकडच्या गल्ल्या. संध्याकाळची फेरी टाऊन हॉलच्या (एशियाटिक सोसायटीच्या) पायऱ्यांपासून: तोही पश्चिमाभिमुख आहे. तिथून काळा घोडा, ओव्हल, हुतात्मा चौक आणि दिवेलागणीला सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस). संध्याकाळचं चालणं साधारण चार किलोमीटर भरतं. एकाच दिवशी दोन्ही करू नका, पाय आणि डोळे दोन्ही थकतात.

इमारत मागे रेलल्यासारखी का दिसते?

कॅमेरा वर वळवल्यामुळे. भिंत उभी असते आणि तुमचा कॅमेरा तिला समांतर राहत नाही, म्हणून वरच्या रेघा एकमेकींकडे झुकतात. उपाय तीन.

पहिला आणि सर्वांत चांगला: मागे जा आणि कॅमेरा ओळंब्यात धरा. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. फोन उभा आणि अगदी सरळ धरून, नेहमीच्या मुख्य लेन्सने, टोकापर्यंतचा मनोरा मावायला सुमारे सव्वाशे मीटर मागे जावं लागतं. म्हणजे ओव्हलच्या आत शिरणं भाग आहे. फोटोचा खालचा अर्धा भाग मग मैदानाने भरतो. तो वाया गेला असं समजू नका. तिथे क्रिकेट चाललेलं असतं, सावल्या असतात. नको असेल तर नंतर कापा.

दुसरा: उंचावर जा. समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या हॉटेलाच्या खिडकीतूनही फरक पडतो.

तिसरा: नंतर ॲपमध्ये सुधारा. स्नॅपसीडमध्ये किंवा लाइटरूममध्ये उभ्या रेघा सरळ करता येतात. पण ते करताना कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच इमारतीभोवती मोकळी जागा सोडा. आणि पूर्ण सरळ करू नका. खूप उंच मनोरा अगदी समांतर केला की डोळ्याला तो वर रुंद होत गेल्यासारखा वाटतो. जरासा झुकाव राहू द्या.

की मुद्दाम वर बघून काढायचा? हो, जरूर. डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोडवरच्या कमानींखाली उभं राहून सरळ वर पाहिलंत तर झुकणाऱ्या रेघा हाच फोटो होतो. अर्धवट तिरका फोटो मात्र चूक वाटतो. एक तर नीट उभा धरा, नाही तर पूर्ण वर करा.

सीएसएमटीचा चांगला फोटो कुठून येतो?

दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, म्हणून दुपारी चारनंतर जा. महापालिकेच्या बाजूच्या पदपथावरून पूर्ण इमारत दिसते, पण मध्ये बस, टॅक्सी, सिग्नलचे खांब. बहुतेक लोक त्यांच्यावर चिडतात. मी सिग्नल लाल होईपर्यंत थांबतो; गाड्या रेषेमागे अडल्या की काही सेकंद रस्ता मोकळा मिळतो.

पण खरं सांगायचं तर पूर्ण इमारतीचा फोटो जगात लाखोंनी आहे. तुम्ही जवळचं बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती आणि तिच्यावरच्या नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर प्रगतीची मूर्ती आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. खालून उघड्या डोळ्यांनी ते चाक ओळखू येत नाही. फोनची तीन किंवा पाच पट झूम लावा, भिंतीला किंवा खांबाला टेकून श्वास रोखा आणि काढा. घरी मोठं करून बघितलंत की पुढच्या वेळी लोकल पकडायच्या घाईतही मान वर जाईल.

चौक ओलांडताना भुयारी मार्ग वापरा. फोटोसाठी रस्त्याच्या मध्ये उभे राहू नका.

कोणता दगड कोणता हे कसं ओळखायचं? आणि त्याचा फोटोशी काय संबंध?

संबंध मोठा आहे. मालाड आणि कुर्ल्याचा दगड पिवळसर. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे. सीएसएमटीत मालाडचा दगड आहे. बारीक कोरीवकामासाठी पोरबंदरचा चुनखडीचा दगड वापरत, कारण तो मऊ, छिन्नीला सहज वळणारा. आणि आपला काळा-निळसर बेसाल्ट तर सह्याद्रीच्या माणसाला ओळखीचाच.

आता फोन काय करतो? पिवळा दगड दिसला की त्याला वाटतं प्रकाशच पिवळा आहे, आणि तो रंग निळसर करून टाकतो. मालाडचा दगड सिमेंटसारखा राखाडी दिसायला लागतो. व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारं सेटिंग) ‘डेलाइट’वर पक्का करा आणि फेरीभर तसाच ठेवा. दिवसाउजेडी एवढं एक केलं तरी फोटो आणि आठवण जुळतात.

काळ्या दगडाचं उलटं. आजूबाजूला सगळं गडद असेल तर फोन एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवतो आणि दगड धुतल्यासारखा होतो. दगडाच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

पावसाळ्यात यायचं की नाही?

या, पण ऊन मिळेल या आशेने येऊ नका. पावसाळ्यातलं आभाळ म्हणजे एक मोठा मऊ दिवा. खोल सावल्या नसतात, त्यामुळे कमानीच्या आतलं, व्हरांड्यातलं, छताखालचं कोरीवकाम छान दिसतं. ओल्या दगडाचा रंग गडद होतो. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात डी. एन. रोडच्या कमानी उलट्या दिसतात. फोन जमिनीलगत न्या. आभाळ फोटोत घेऊ नका, ते नुसतं पांढरं येतं.

वास्तुकलेच्या दृष्टीनेही पाऊस बघण्यासारखा आहे. गॉथिक इमारतींचे खोल व्हरांडे आणि डेको इमारतींच्या खिडक्यांवरचे सलग छज्जे, दोन्ही याच पावसासाठी आणि याच उन्हासाठी आहेत. जुलैत एखाद्या छज्ज्याखाली अर्धा तास अडकलात की ते पटतं.

उन्हाळ्यातल्या भर दुपारी काय करावं?

घरी जेवावं. पण एक अपवाद. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून एरवी दुपारी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवरही ऊन घसटून जातं. छज्जांच्या लांब सावल्या भिंतीवर थेट खाली उतरतात आणि डेको इमारतीच्या आडव्या पट्ट्या ठळक होतात. जुलैत ढग असतात, तेव्हा खरी संधी मेमध्येच. टोपी घाला.

हिवाळ्याचं ऊन वेगळं. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो. तुम्ही हायकोर्टाकडे तोंड करून उभे असाल तर ऊन उजव्या खांद्यामागून येतं आणि प्रत्येक कोरलेल्या पानाला बाजूने सावली देतं. कोरीवकामासाठी याहून चांगला काळ नाही. सूर्य मात्र सहाच्या सुमारास जातो, म्हणून चारला मैदानात हजर राहा.

आर्ट डेको मला साधी वाटते. तिच्यात बघायचं काय?

असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. गॉथिक इमारत लांबून हाक मारते, डेकोजवळ आपण जावं लागतं. फाटकाची लोखंडी जाळी बघा, तिच्यात लाटा असतात, उगवता सूर्य असतो, गोठलेलं कारंजं असतं. इमारतीचं नाव कोणत्या अक्षरांत लिहिलं आहे ते बघा. बोटीच्या डेकसारखे कठडे, गोल कोपरे, जिन्याच्या उभ्या खिडक्या. हे सगळे छोटे फोटो आहेत आणि फोनवर सुंदर येतात.

आणि ही आपल्या माणसांची वास्तुकला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रांगेचे आराखडे इंग्रज अभियंत्यांचे आणि वास्तुविशारदांचे. डेकोत भारतीय नावं ठळकपणे पुढे येतात. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महाल गजानन म्हात्र्यांचा. इरॉस सोहराबजी भेदवारांचं. फोर्टातली न्यू इंडिया ॲश्युरन्सची १९३६ची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची आणि तिच्या दर्शनी भागावरची उंचच उंच माणसं शिल्पकार ना. ग. पानसऱ्यांनी घडवलेली. ती शेतकरी, कष्टकरी माणसं बघताना मी दर वेळी थांबतो. समोरच्या पदपथावरून, झूमने, एकेक आकृती वेगळी काढा.

सूना महालाचं तोंड समुद्राकडे, म्हणून तिथे संध्याकाळी. ओव्हलची रांग सकाळी. हे विसरू नका.

रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढणं कायदेशीर आहे का?

हो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये वास्तूचा फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं हे उल्लंघन मानलेलं नाही. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पालाही तीच सवलत आहे.

पण कॉपीराइट वेगळा आणि सुरक्षा वेगळी. नौदलाच्या गोदीकडे, तिच्या फाटकांकडे कॅमेरा करू नका. तिथे १९२३चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो. न्यायालयाच्या आवारात फोटो नाही. ड्रोन तर आणूच नका. पारशी अग्यारीच्या दारावरचे पंखवाले बैल रस्त्यावरून काढता येतात, पण आत फक्त पारशी-झरथुष्ट्री जातात. दारात घोटाळू नये.

२६ नोव्हेंबर २००८नंतर सीएसएमटीत आणि आसपास पहारा वाढला, आणि का वाढला ते आपण सगळे जाणतो. कोणी हटकलं तर कॅमेरा खाली करा, नमस्कार करा, काढलेला फोटो दाखवा. एकदा एका कार्यालयाच्या वॉचमनने मला पुसायला लावलेला फोटो मी वाद न घालता पुसला. पुढच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं, “साहेब, पाच वाजता या, तेव्हा ऊन त्या कोपऱ्यावर येतं.” तिथे रोज बारा तास उभ्या असलेल्या माणसाला प्रकाश माझ्यापेक्षा जास्त कळतो.

ट्रायपॉड आणू का?

नको. पदपथ अडतो आणि ट्रायपॉड दिसला की ‘शूटिंग आहे का, परवानगी आहे का’ हे सुरू होतं. सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आभाळ निळं असतं आणि इमारतींचे दिवे लागलेले असतात. तेवढ्या उजेडात कठड्यावर पिशवी ठेवून, तिच्यावर फोन टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून काम भागतं.

तारा, फलक, एसीचे डबे, निळं प्लास्टिक. हे पुसून टाकावं का?

माझं मत: नाही. रंग सुधारा, रेघा सरळ करा, कापा. पण जे तिथे होतं ते मिटवू नका. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल आठवा, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. त्याचे ओतीव लोखंडाचे सुटे भाग इंग्लंडहून आणून १८६०च्या दशकात जोडले. ७ जुलै १८९६ रोजी तिथे ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्रपट दाखवले गेले. आज ती इमारत मोडकळीला आली आहे. तिच्या सज्जांवर कधी काय लटकलं होतं, कुठला कठडा कधी निखळला, हे सामान्य माणसांनी सहज काढलेल्या फोटोंतूनच कळू शकतं. आज नकोशी वाटणारी ताडपत्री उद्याच्या दुरुस्ती करणाऱ्याला उपयोगाची पडेल. ताडपत्री पटत नसेल तर ती हटेपर्यंत थांबा आणि पुन्हा या.

फोटोत माणसं आली तर?

येऊ द्या. माणसाशिवाय कमानीची उंची कळत नाही. टाऊन हॉलच्या पायऱ्या १८३३पासून लोकांच्या बसण्याने झिजल्या आहेत. त्या रिकाम्या बघायच्या कशाला? मात्र चेहरा ओळखू येईल इतक्या जवळून काढायचा असेल तर आधी विचारा. डेको इमारतींत लोक राहतात, हे तर कायम लक्षात असू द्या. वाळत घातलेले कपडे, उघड्या खिडक्या, सज्जात चहा पीत बसलेल्या आजी, यांच्यावर झूम लावू नका. ओव्हलवर कोणाच्या खेळपट्टीत उभे राहू नका. एका मैदानात अनेक सामने चाललेले असतात आणि चेंडू चारी बाजूंनी येतो.

काढलेल्या फोटोंचं पुढे काय करायचं?

त्याच रात्री तीन गोष्टी लिहा: इमारतीचं नाव, तारीख, आणि तुम्ही कुठे उभे होतात. महिन्याने आठवत नाही. मग विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसाठ्यावर, मुक्त परवान्याने चढवायचा विचार करा. तिथले फोटो मराठी विकिपीडियावरच्या लेखांत वापरता येतात. वर्णन मराठीत लिहा. “राजाबाई टॉवर, वायव्येकडून, डिसेंबरातली संध्याकाळ” एवढं पुरे.

दहा वर्षांच्या मुलीला आणू का? कंटाळेल?

आणा. तिला कॅमेरा देऊ नका, कामगिरी द्या. राजाबाईवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांचे चोवीस पुतळे आहेत, ते दुर्बिणीतून किती सापडतात ते मोजायला सांगा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरच्या शिल्पकार लॉकवुड किपलिंगच्या शिल्पपट्टीत कोण काय काम करतंय ते ओळखायला सांगा. सीएसएमटीवर मोर, माकडं आणि पावसाचं पाणी तोंडातून सोडणारे विचित्र प्राणी शोधायला सांगा. मागच्या फेरीत एका ताईंची मुलगी आली होती. आम्ही सगळे घुमटाकडे बघत होतो, आणि ती एका खांबाच्या माथ्यावरच्या दगडी पानांत लपलेलं, आमच्यापैकी कोणीही आजवर न पाहिलेलं पाखरू बोटाने दाखवत उभी होती.